गेटवरची गाय

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी गोशाळेच्या गेटाशी माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाई एकाएकी रडायला लागल्या. साठीच्या आसपासच्या, नारायण पेठ नेसलेल्या, हातात स्टीलचा डबा, डब्यात केळीच्या पानावर तुपाने माखलेली पुरणपोळी. समोरची गाय मान फिरवून उभी होती. पोळी उजवीकडून नेली की ती डावीकडे बघे, डावीकडून नेली की उजवीकडे. सून मोबाइल धरून थांबलेली. शेवटी गायीने जोरात फुरफुरून नाकच बाजूला नेलं, तेव्हा बाईंचा आवाज बदलला. "घेत नाहीयेत गं. काहीतरी राहिलंय त्यांचं. रागावल्यात आपल्यावर." म्हणजे सासूबाई. मग पिंडाला कावळा शिवेना की घाटावर जे सुरू होतं, तेच तिथे सुरू झालं. आई, तुमचे टाक नीट पुजू. आई, दर वर्षी न चुकता करू. नवरा मागून पुटपुटला, "धाकट्याला त्याचा वाटा देऊ." बाईंनी रडणं थांबवून त्याच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा गायीकडे वळल्या. खराटा घेऊन उभा असलेला पोरगा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "नाराज न्हाईत ओ काकू. पोट फुगलंय तिचं. सकाळपास्नं पोळ्याच चालल्यात."

बाईंना ते ऐकू गेलं, पण पटलं नाही. शेजारच्या तांबड्या गायीने पोळी एका ओढीत तोंडात घेतली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. नमस्कार झाले, फोटो झाला, पेटीत नोट पडली, गाडी वळून गेली. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी पोट धरून हसले असते. तिथे हसू आलं नाही. माझ्याही हातात डबा होता, त्यातही पोळी होती आणि तीही आईसाठीच होती.

गोशाळेचं नाव लिहीत नाही. सोलापूर रस्त्याला अशा बऱ्याच आहेत, त्यातली एक समजा. पाऊस नुकताच उघडलेला, उन्हाचा चटका बसायला लागलेला, पायाखाली शेण-चिखलाचा रेंदा आणि माश्या. गोमूत्राचा उग्र वास, त्यात कुठूनतरी मुरघासाचा आंबूस वास मिसळलेला, आणि ह्या सगळ्यावर तरंगणारा तुपाचा, वेलदोड्याचा, गुळाचा सणासुदीचा वास. हे दोन वास एकत्र नाकात गेले की नेमकं काय वाटावं ते कळत नाही. मागे कुट्टीचं मशीन धडधडत होतं. गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

गोशाळेचे पशुवैद्य त्या दिवशी हजर होते. सर्वपित्रीला यावंच लागतं, म्हणाले. त्यांनी गायीच्या डाव्या कुशीवर, बरगड्या संपतात तिथल्या खळग्यावर बोटांनी टिचकी मारली. खळगा राहिलाच नव्हता, तो भाग वर आला होता, आणि आवाज पोकळ होता. तेल पाजलं, सोडा पाजला, पोऱ्याला म्हणाले, चालव तिला, बसू देऊ नको. मी बाजूला उभी होते, म्हणून त्यांनी मला समजावून सांगितलं. शिकवायची हौस असलेला माणूस. गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यातला पहिला, रुमेन, मोठ्या जनावरात शंभर लिटरच्या वर भरतो. गवत, कडबा ह्यांचा चोथा तिथे कोट्यवधी सूक्ष्मजंतू सावकाश कुजवतात. गाय तो परत तोंडात आणते, तासन्‌तास रवंथ करते, बादल्या भरतील एवढी लाळ गिळते, आणि ती लाळ पोटातलं आम्ल ताब्यात ठेवते. पोळी, भात, गूळ, लाडू ह्यांत चघळायला काही नसतं. चघळणं नाही म्हणून लाळ नाही, आणि साखर-पिठूळ तर तिथे झपाट्याने आंबतं. आम्ल वाढतं, कोठ्याची हालचाल थांबते, वायू कोंडतो, फुगलेला कोठा फुप्फुसांवर दाबतो. वेळेवर लक्ष गेलं नाही तर जनावर दगावतं. मी म्हटलं, पण एखाद्या पोळीने असं होतं? "एका पोळीने काही होत नाही," ते म्हणाले. "तीस पोळ्यांनी होतं. आणि देणारा प्रत्येक जण एकच देतो."

बार्शीला आमची आजी पहिली भाकरी तव्यावरून उतरवली की तिचा चतकोर मोडून चुलीच्या कडेला ठेवी. गोग्रास. गाय आमची नव्हती, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गवळ्याची होती. सकाळी चरायला जाताना ती दारावरून जायची आणि आमच्या उंबऱ्याशी आपणहून थांबायची. मग मी तो चतकोर तळहातावर ठेवून हात पुढे करायची. खरखरीत, ओली, गरम जीभ तळव्यावरून फिरली की अंगावर काटा यायचा. एका हाताने फ्रॉक घट्ट धरून मी दुसरा हात तसाच पुढे ठेवायची, कारण आजी बघत असायची. गाय पुढच्या दारी जायची, तिथे तिला दुसरा चतकोर मिळायचा, कुठे भाजीची देठं, कुठे कोंडा. नंतर दिवसभर ती माळावर चरायची. आमच्या चतकोराने तिचं काही भरत नव्हतं आणि आजीला ते ठाऊक होतं. आजीचा हिशेब वेगळा होता: आपल्या तोंडात घास जायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी गेला पाहिजे. तिने त्यासाठी शास्त्र कधी सांगितलं नाही. भाकरी थापणाऱ्या बाईला शास्त्र सांगायला सवड नसते.

आता गल्लीत गाय नाही, माळावर प्लॉट पडलेत. चतकोर द्यायची सवय मात्र अंगात शिल्लक आहे. मग काय होतं, अख्ख्या शहराचा चतकोर एका गेटावर येऊन पडतो. तोही रोज नाही. सर्वपित्रीला, वसुबारसेला, संक्रांतीला, कुणाच्या वर्षश्राद्धाला, कुणाला ज्योतिषाने सांगितलं म्हणून. आणि चतकोरही आता चतकोर राहिलेला नाही, पाहुण्याला वाढावी तशी अख्खी पोळी असते. वरून तूप.

नोकरीत पहिली नेमणूक मुंबईला झाली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी भुलेश्वरच्या गल्ल्यांतून हिंडायची. सी. पी. टँकवरून माधवबागेकडे येताना पांजरापोळ लागतो. बाहेर चारा आणि लाडू विकायला बसलेली माणसं, आत हंबरणं, समोर फुलांचे हार आणि पितळी भांड्यांची दुकानं. लोक घाईघाईने आत शिरत, लाडू देत, हात जोडत आणि पुन्हा आपापल्या पेढीवर जात. ही संस्था १८३४ ची. सुरुवात गायींवरून झाली नव्हती, कुत्र्यांवरून झाली. भटकी कुत्री मारायचा सरकारी हुकूम निघाला म्हणून १८३२ मध्ये मुंबईत पारशी मंडळींनी दंगल केली होती. त्यानंतर सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा ह्यांनी मोकाट जनावरांसाठी हा आसरा उभा केला. मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पैशाची व्यवस्था. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवला होता. माल आला-गेला की त्यातला ठरलेला भाग पांजरापोळाकडे. कुणाची तिथी नाही, कुणाचा फोटो नाही. धंदा चालू आहे तोवर चारा चालू.

तिथून जवळच, गिरगावच्या बाजूला एका देवळाच्या कोपऱ्यावर एक बाई रोज गाय घेऊन बसायची. शेजारी हिरव्या गवताच्या लहान लहान जुड्या आणि पत्र्याच्या डब्यात लाडू. येणारा-जाणारा पैसे देऊन जुडी घ्यायचा, गायीपुढे टाकायचा, तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावायचा. गाय त्या बाईची नव्हती. तबेल्यातून सकाळी आणायची, संध्याकाळी परत नेऊन सोडायची. दूध मालकाचं, जुडीचे पैसे बाईचे, त्यातून मालकाला दिवसाचं भाडं द्यायचं. ऑफिसातले काही जण म्हणायचे, फसवणूक आहे ही, धंदा आहे. असेल. मला त्यात फसलेलं कुणी दिसत नव्हतं. गाय खात होती, देणाऱ्याला पुण्य मिळत होतं आणि बाईची पोरं शेजारीच पाटी घेऊन बसलेली होती. फक्त एक गोष्ट खटकायची. त्या बाईला सरळ पैसे दिलेले मी कधी बघितले नाहीत. तिने हात पसरला असता तर ह्याच लोकांनी 'काम कर' म्हणून पुढची वाट धरली असती.

गाय मध्ये असली की आपला हात सैल सुटतो.

गोशाळेच्या मागच्या शेडकडे सहसा कुणी जात नाही. तिथले व्यवस्थापक, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले गुरुजी, मला घेऊन गेले. मी बँकेतली म्हटल्यावर त्यांना हिशेब दाखवायचा हुरूप आला असावा. गेटाजवळ दिसतात त्या गायी निराळ्या: अंग पुसलेल्या, शिंगांना तेल लावलेल्या, शांत स्वभावाच्या, गळ्यात घंटा. मागे खरी वस्ती. निम्मे तर बैल आणि गोऱ्हे. रस्त्यावर धडक बसून मागचा पाय गेलेली एक खिलार, डोळ्यात फूल पडलेली एक म्हातारी देवणी, आणि पुष्कळशी जर्सी-होल्स्टीनच्या संकरातली, दूध आटल्यावर रात्री कुणीतरी टेम्पोतून आणून सोडलेली. गायीची कत्तलबंदी राज्यात १९७६ च्या कायद्याने होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही तिच्यात आले. आटलेलं, थकलेलं जनावर पूर्वी बाजारात जायचं आणि पुढचं कुणी विचारायचं नाही. आता ते विकता येत नाही, दावणीला पोसणं परवडत नाही, मग अंधारात गोशाळेच्या कुंपणाशी बांधून शेतकरी निघून जातो. त्यालाही झोप लागत नसणार. गुरुजी सांगत होते, एकाने कासऱ्याला चिठ्ठी बांधली होती: हिला शेंगदाण्याची पेंड आवडते.

जनावर देशी म्हटलं तरी रोज पंधरा-वीस किलो ओला चारा आणि वर चार-पाच किलो वाळलेला लागतोच, पाणी चाळीस-पन्नास लिटर. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गायीला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि गोशाळेतल्या देशी गायीमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं. गुरुजी एका काळ्या-पांढऱ्या गायीच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "ही राज्यमाता नव्हे. हिला शून्य. पण हे तिला कसं सांगायचं? ती खिलारीपेक्षा जास्त खाते."

मग त्यांनी गेटाचं गुपित सांगितलं. गेटवरच्या गायींची पाळी असते. आज ज्या उभ्या आहेत त्यांना उद्या फक्त कडबा आणि पाणी, परवाही तेच, आणि पुढच्या सणाला दुसऱ्या उभ्या राहायच्या. फुगते एखादी, आजच्यासारखी. गेट बंद का करत नाही, असं मी विचारलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "ताई, पोळी घेऊन आलेला माणूस पेटीत पाचशे टाकून जातो. पोळी नको म्हटलं की पाचशेही नकोत. त्या पाचशेवर मागची खातात." दरफलक मी येतानाच वाचला होता: एक दिवसाचा चारा, एका गायीचं वर्षभराचं पालकत्व, एक वेळचं अन्नदान, पावतीवर प्राप्तिकरातली सवलत. सगळ्यात जास्त मागणी कशाला, असं विचारलं तर म्हणाले, अन्नदान आणि लाडू. चारा शेवटी. चारा देताना फोटोत काय दिसणार, गवताचा ढीग.

आणि हे सगळे येतात पितृपक्षात, म्हणजे भादव्यात. तेव्हा बांधावर गुडघाभर गवत असतं. "माझी उपासमार मे-जूनमध्ये," गुरुजी म्हणाले. "कडबा संपलेला, भाव चढलेला, पाऊस नाही. तेव्हा ह्या गेटावर कुत्रं नसतं." मी बँकेतली सवय म्हणून सुचवलं की देणाऱ्यांच्या खात्यातून महिन्याला थोडी रक्कम आपोआप वळती होईल असं करून घ्या. त्यांनी ते करून बघितलं होतं. लोक नको म्हणतात. त्यात दिल्यासारखं वाटत नाही म्हणे. भुलेश्वरच्या त्या जुन्या व्यापाऱ्यांना कसं वाटत असेल मग?

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. शाळेत सुकडी मिळायची, घरी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लालसर भाकरी, ज्या थंड झाल्या की तुटायच्या नाहीत. माणसं खडी फोडायला जायची. शेजारचे काका एका पहाटे बैलजोडी घेऊन बाजाराला गेले आणि रात्री नुसते कासरे हातात घेऊन परत आले. काकू त्या रात्री जेवल्या नाहीत. पुढे २०१९ च्या उन्हाळ्यात बँकेतल्या आम्ही काही जणी सांगोल्याकडे एक चारा छावणी बघायला गेलो होतो. हिरव्या शेडनेटखाली जनावरांच्या रांगा, उसाचे वाढे चघळणारी तोंडं, टँकरची वाट बघणारे हौद. मोठ्या जनावरामागे सरकारचा दर दिवसाला १०० रुपयांपर्यंत गेला होता. प्रत्येक दावणीशी घरातलं एक माणूस राहायला, बहुतेक म्हातारं. मी एका आजीला विचारलं, तुमच्या जेवणाचं काय? त्यांनी कापडात बांधलेली भाकरी दाखवली, नातू मोटारसायकलवरून आणून द्यायचा. छावणी जनावरांची होती, माणसांसाठी रकाना नव्हता. आजींना त्यात तक्रार करण्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट त्या म्हणाल्या की जनावर जगलं म्हणजे आमचं झालंच.

उलट्या बाजूची गोष्टही आहे, आणि ती आठवली की अजून कसंतरी होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळ कणेरी मठावर पंचमहाभूत लोकोत्सव भरला होता. रोज प्रचंड गर्दी, प्रचंड पंगती. तो चालू असतानाच तिथल्या गोशाळेतल्या पन्नासच्या वर गायी दगावल्याच्या बातम्या आल्या. शिळं, उरलेलं अन्न खाण्यात आल्यामुळे, असं बातम्यांत होतं. त्यावरून व्हायचं ते राजकारण झालं, ते सोडून देऊ. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. पंगत उठल्यावर उरलेल्या भाताच्या घमेल्यांसमोर उभं राहून कुणीतरी म्हणालं असेल, फेकू नका, गायींना घाला. अन्न फेकणं पाप, हे आपल्या हाडामांसात इतकं मुरलेलं आहे की ते वाक्य मी स्वतःच्या आवाजात ऐकू शकते. आपल्या घरात ते रोज म्हटलं जातं. कालची पोळी? गायीला दे. लग्नातला पुलाव उरला? गोशाळेत फोन करा. टाकून द्यायची आपली लाज तिच्या पोटात ढकलायची आणि वर त्याला दान म्हणायचं. डॉक्टरांनी रुमेनबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही गवळ्याला, कुठल्याही शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. गायीला भात फार घालू नये, फुगेल, हे आमचा गवळीही म्हणायचा. आपण गाय दारातून देव्हाऱ्यात नेली, आणि तिचं पोट कसं चालतं हे विसरलो.

आता टेबलाबद्दल. गेटातून आत गेलं की डाव्या हाताला एक लांब टेबल होतं, वर रेक्झिन, शेजारी पाटी: 'नैवेद्य येथे ठेवावा. क्रमाने देण्यात येईल.' ज्यांना घाई असते, ज्यांच्या गुडघ्यांना चिखल सोसत नाही, ज्यांना गायीची भीतीच वाटते (आणि असे पुष्कळ असतात, नमस्कार लांबून करणारे), ते डबा तिथे रिकामा करून जातात. माझाही डबा मी तिथेच रिकामा केला. दुपारी तीनपर्यंत टेबलावर पोळ्यांची चळत माझ्या कोपराएवढी उंच झाली होती. क्रमाने म्हणजे कधी देणार, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "बसा ना थोडा वेळ. चहा घ्या."

चार वाजता 'छोटा हत्ती' आला. पोऱ्याने पोळ्या स्वच्छ पंचात बांधून परातीत रचल्या आणि आम्ही निघालो. अर्ध्या कोसावर रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. कडेला निळ्या ताडपत्रीची पालं, दगडाच्या चुली, वाळत घातलेली लुगडी, खडीच्या ढिगावर खेळणारी पोरं. टेम्पोचा आवाज ओळखीचा असावा, पोरं आधीच ताटल्या घेऊन उभी. गेल्या काही वर्षांपासून सर्वपित्रीच्या पोळ्या इथे येतात, नाहीतर आसपास जिथे कुणी पालं टाकून असेल तिथे. गायींना टेबलावरचं काहीही दिलं जात नाही.

मी गुरुजींना म्हटलं, मग हे उघड सांगत का नाही? फळ्यावर लिहा की, नैवेद्य कष्टकऱ्यांना वाटण्यात येईल. गुरुजी हसले. त्यांचं हसणं मास्तरांचं होतं, पहिल्या बाकावरच्या पोराने चुकीचं उत्तर छातीठोकपणे दिल्यावर येतं तसं. "लिहितो की. मग पुढच्या वर्षी पोळ्यांवर तूप असेल का, ते तुम्ही सांगा." मी गप्प बसले. ते म्हणाले, "माणसांना द्यायचं म्हटलं की लोक उरलेलं आणतात. गायीला द्यायचं म्हटलं की अंघोळ करून, सोवळ्यात, ताजं करून आणतात. मी काय करू?"

ह्यावर चिडावं असं मला आधी वाटलं. लोकांनी एका श्रद्धेने दिलेलं दुसरीकडे जातं, हे बरोबर नाही. माझ्या काउंटरवर एका खात्यातले पैसे दुसऱ्यात कुणी असे वळवले असते तर मी त्याची नोकरी घालवली असती. पण त्या वेळी माझ्यासमोर एक तरुण बाई पोळी चार घड्या करून पोराच्या हातात देत होती, आणि ती पोळी आईसाठी केलेलीही असू शकत होती. मी तिला विचारलं, ह्या पोळ्या कुठून येतात माहीत आहे का? तिला माझ्या प्रश्नाची गंमत वाटली. "गाईच्या हायेत, ठावं हाय की. तिला न्हाई सोसत. आमाला सोसत्यात." मग परातीत डोकावून म्हणाली, "आमटी न्हाई का आली?" बरोबरच होतं तिचं. कटाच्या आमटीशिवाय पुरणपोळी म्हणजे काय जेवण? पण गायीच्या नैवेद्यात आमटी कोण देणार.

परतताना मला गाडगेबाबा आठवत होते. १९२५ मध्ये त्यांनी मूर्तिजापूरला गोरक्षणाचं काम उभं केलं, आणि त्याच ठिकाणी धर्मशाळा आणि विद्यालयही बांधलं. त्यांची दशसूत्री शाळेच्या भिंतींवर आपण सगळ्यांनी वाचलेली असते. पहिलंच कलम भुकेलेल्यांना अन्न. मुकी जनावरं आठव्या क्रमांकावर आहेत, आधी तहानलेले, उघडेनागडे, शिकणारी पोरं, बेघर, आजारी आणि बेकार येऊन जातात. बाबांनी तो क्रम मोजूनमापून लावला होता की बोलण्याच्या ओघात आला, काय माहीत. पण दोन्ही एकाच यादीत आहेत हे खरं. ज्याच्या डोळ्यांना गायीची भूक दिसते त्याला माणसाचीही दिसायला हवी, असा त्यांचा साधा हिशेब असावा. गुरुजींच्या ऑफिसात बाबांची तसबीर होती, खापर आणि खराट्यासह. बाबा असते तर त्यांनी त्या टेबलामागे लपवाछपवी केली नसती. गेटवरच्या रांगेत उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांची सालटी काढली असती, कीर्तनात, आमच्या तोंडावर. गुरुजींना ते जमत नाही. त्यांना महिनाअखेरीला कडब्याचं बिल भरायचं असतं. मला दोघांचंही पटतं, आणि ते एका वेळी पटणं अवघड जातं.

रात्री बेंगळुरूहून दादाचा फोन आला. दर वर्षी येतो. तो तिकडे काही करत नाही, वहिनीला जमत नाही, म्हणून आईचं मी करते आणि तो चौकशी करतो.

"पोळी खाल्ली ना गं?"

"खाल्ली," मी म्हटलं. "आमटी नाही का, म्हणून विचारत होती."

तो मोठ्याने हसला. पुष्कळ पूर्वी आई जेवायला बसली की असंच विचारायची, त्याला वाटलं मी त्यावरून गंमत करते आहे. मग म्हणाला की ह्या वर्षी त्यालाही काहीतरी द्यायचं आहे, खाते क्रमांक पाठव, उद्याच टाकतो. मी म्हटलं, उद्या नको. आत्ता त्यांच्याकडे चारा उतू चाललाय. जूनमध्ये टाक, कडब्यासाठी.

"जूनमध्ये काय आहे? आईची तिथी तर..."

"१ जून. वाढदिवस आईचा."

"तो काय खरा आहे का? शाळेत घालताना मास्तरांनी टाकून दिलेला."

"मग काय झालं?" मी म्हटलं. "पेन्शन त्याच तारखेवर मिळाली की तिला."

दादा म्हणाला, आठवण कर. आणि शक्य असलं तर एखादा फोटो.